धरलेले आणि गृहीत धरलेले

(अंबाजोगाई येथील स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यान. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)



पत्रकारांनी पुढाऱ्याला अडचणीचा प्रश्न विचारला की एक ठरलेलं उत्तर येतं : "जर-तरच्या प्रश्नांना मी उत्तर देत नाही." उत्तर देणाऱ्याचा पक्ष कोणताही असो, वाक्य तेच. मग तोच पुढारी संध्याकाळच्या सभेत सांगतो की आमचं सरकार असतं तर एवढ्यात पाणी आलं असतं. म्हणजे जर-तरचं त्याला वावडं नाही. दुसऱ्याचा जर-तर नको, एवढंच.

ज्या सरांच्या नावाने ही व्याख्यानमाला चालते ते गणित शिकवत. त्यांच्या फळ्यावरचं पहिलं वाक्य बहुधा 'समजा' या शब्दाने सुरू व्हायचं, म्हणून आजचा विषय मी तिथून घेतला. जी गोष्ट नाही, किंवा आहे की नाही ते ठाऊक नाही, ती आहे असं घटकाभर मानून बोलायचं, यासाठी मराठीत शब्दांची चांगली गर्दी आहे. समजा, धरा, मानलं तर, गृहीत, कल्पित, काल्पनिक, मानीव, सदृश. वरवर पाहता सगळे एकाच घरातले वाटतात. पण त्यांचे स्वभाव निराळे आहेत, आणि या स्वभावांशी आपल्या बीड जिल्ह्यातल्या माणसांचं रोजचं देणंघेणं आहे.

लोकभाषेला कल्पनेत रमणाऱ्यांचा फारसा आदर नाही, हे आधी कबूल करू. आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, असं म्हणून ती जर-तरचा निकाल लावते. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, ही म्हण तर आपल्या तुरीच्या मुलखात अंगाला लागून जाते. मनातले मांडे खाणारा, हवेत इमले बांधणारा, हे सगळे चेष्टेचे धनी. पण म्हण नीट ऐका. भटाने तुरीची कल्पना केली, इथवर म्हणीची तक्रार नाही. तक्रार आहे ती त्याने हात उगारला त्याबद्दल. तुरी अजून बाजारात आहेत आणि मार मात्र घरात खरा पडला. आज मी जे सांगणार आहे ते जवळपास सगळं या म्हणीत आलेलं आहे. मी फक्त पसरून सांगणार आहे.

थोडं व्याकरण.  अटीच्या वाक्यांतल्या क्रियापदाच्या ज्या अर्थाला संकेतार्थ म्हणतात तो आपण शाळेत परीक्षेपुरता शिकतो आणि विसरतो. पण बांधावर उभा असलेला माणूस तो रोज बिनचूक वापरतो. "पाऊस पडला तर पेरू." पाऊस अजून पडायचा आहे आणि क्रियापद मात्र भूतकाळाच्या रूपात. "पडेल तर पेरू" असं आपल्याकडे कोणी म्हणत नाही. जणू पाऊस पडून गेला आहे अशा जागी आधी जाऊन उभं राहायचं आणि मग पेरणीचं बोलायचं. दुसरं वाक्य : "पाऊस पडला असता तर पेरलं असतं." एका 'असता'ने सांगून टाकलं की पडला नाही, आता काही होणे नाही. पहिल्या वाक्यात दार उघडं आहे, दुसऱ्यात बंद. जून आणि ऑगस्ट यांच्यातला फरक एवढ्याशा शब्दात मावतो.

आता 'समजा'. हा समजणे या क्रियापदाचा आज्ञार्थ आहे. बोलणारा ऐकणाऱ्याला विश्वास ठेव म्हणत नाही, समजून घे म्हणतो. हिंदी 'मान लो' म्हणते, म्हणजे ऐकणाऱ्याने मान्य करायचं. निजामाच्या काळात उर्दू शाळांत शिकलेली पिढी आपल्याकडे होती. तिच्या कानावर 'फर्ज करो' पडलेलं. फर्ज म्हणजे कर्तव्यही आणि कल्पनाही. त्याच मुळापासून आलेला 'फर्जी' शब्द पुढे खोट्या कागदांना चिकटला. मराठी त्या मानाने सौम्य आहे. आणि 'समजा'चा गावरान भाऊ 'धर' : "धर, यंदा पाऊस आलाच न्हाई." हातात काही धरायला सांगतात तसं. जे धरलं ते सोडताही येतं. (काही वक्त्यांच्या तोंडी 'समजा' दर तीन शब्दांनी येतो. मी समजा बाजारात गेलो, समजा भाजी घेतली. त्यात समजण्याजोगं काही नसतं. ती नुसती धाप असते.)

'समजा' आणि 'धर' या दोन्हींत एक गोष्ट समान आहे. बोलणारा दिसतो, ऐकणारा दिसतो, आणि जे चाललं आहे ते मानण्यापुरतं आहे हे दोघांनाही ठाऊक असतं. आता 'गृहीत' घ्या. ग्रह् धातूचं कर्मणी धातुसाधित. घेतलेलं, पकडलेलं. कोणी घेतलं, कधी, कोणाला विचारून, हे शब्दात राहत नाही. भूमितीच्या पुस्तकात 'पक्ष' आणि 'साध्य' लिहीत असू, तिथे जे धरलं ते निदान पहिल्या ओळीत उघड लिहिलेलं असे. व्यवहारातलं गृहीत लिहिलेलं नसतं. म्हणून घराघरांतली तक्रार नेमकी याच शब्दात येते : "मला गृहीत धरू नका." 'मला समजा धरू नका' असं कोणी रागाने म्हणत नाही.

समजा म्हणण्याची उत्तम रीत कोणती हे पाहायचं तर साडेआठशे वर्षं मागे जावं लागेल. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इसवी सन १११४. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी 'सिद्धांतशिरोमणी' पुरा केला. त्याचाच एक भाग 'लीलावती'. त्यात इष्टकर्म नावाची रीत आहे. उदाहरण असं : एका संख्येला पाचाने गुणलं, गुणाकारातून त्याचाच तिसरा हिस्सा वजा केला, उरलं त्याला दहाने भागलं, आणि मूळ संख्येचा तिसरा, दुसरा व चौथा हिस्सा त्यात मिळवला, तर ६८ होतात. मूळ संख्या कोणती?

भास्कराचार्य म्हणतात, कोणतीही संख्या धरा. तीन धरू. पाचपट पंधरा. तिसरा हिस्सा गेला, उरले दहा. दहाने भागलं, एक. त्यात तिनाचा तिसरा हिस्सा एक, निम्मा दीड, चौथा हिस्सा पाऊण. बेरीज सव्वाचार. हवे होते ६८, आले सव्वाचार, म्हणजे आपण धरलेलं चूक. पण ती चूक वाया जात नाही. ६८ हे सव्वाचाराच्या सोळापट, म्हणून मूळ संख्या तिनाच्या सोळापट : ४८. तिनाऐवजी सात धरा, बारा धरा, उत्तर ४८च येतं.

या रीतीतली शिस्त पाहा. जे धरलं त्याचं नाव 'इष्ट', म्हणजे आपल्याला सोयीचं वाटलं म्हणून घेतलेलं. खरं म्हणून नव्हे. धरणारा ते लपवत नाही, आणि हिशेब संपला की तीनचा मागमूस राहत नाही. आपल्या जिल्ह्याच्या भाषेत सांगायचं तर इष्ट ही गणितातली उचल आहे, ऊसतोडीच्या मुकादमाकडून हंगामाआधी घेतात तशी आगाऊ रक्कम. उचल घेतली की फेडावी लागते. फिटली नाही तर पुढच्या हंगामाला माणूसच बांधला जातो. रीतीला मर्यादाही आहे. उदाहरणात 'वर आणखी पाच मिळवले' असं काही आलं की प्रमाण बिघडतं, मग एका इष्टाने काम भागत नाही. तिथे भास्कराचार्य बीजगणिताकडे वळतात आणि अज्ञाताला 'यावत्तावत्' म्हणतात. जितकं असेल तितकं. एकाहून जास्त अज्ञातं असली तर कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावं. आपल्या 'क्ष'पेक्षा मला यावत्तावत् अधिक प्रामाणिक वाटतो.

भास्कराचार्यांनी आपलं गाव विज्जडवीड सांगितलं आहे, सह्याद्रीच्या जवळचं. हे विज्जडवीड म्हणजे बीड असं काहींचं मत आहे. चाळीसगावजवळ पाटणला त्यांच्या नातवाच्या, चंगदेवाच्या मठाचा शिलालेख सापडला, त्यामुळे बऱ्याच अभ्यासकांचा कल त्या बाजूला आहे. बीडकरांनी मात्र हा 'समजा' कधीच 'आहे' करून टाकला. त्यात वैर धरण्यासारखं काही नाही, पण इष्टकर्म शिकवणाऱ्या माणसाच्या बाबतीत तरी धरलेलं सोडायची तयारी ठेवावी. लीलावतीच्या लग्नाचा मुहूर्त घटिकापात्रात मोती पडल्यामुळे चुकला, ही गोष्टही मूळ ग्रंथात नाही. अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ मध्ये फारसी भाषांतर केलं, त्याच्यामार्फत ती पसरली. गोष्ट गोड आहे म्हणून टिकली.

आपण ज्या गावात बसलो आहोत त्या गावाचा या प्रकरणाशी आणखी एक संबंध आहे. मुकुंदराजांची समाधी इथे आहे. 'विवेकसिंधू'चा काळ शके १११०, म्हणजे ११८८, मानला जातो. 'मानला जातो' एवढंच म्हणतो, कारण ग्रंथातलं अंबानगर म्हणजे अंबाजोगाई की विदर्भातलं आंभोरे, हाही वाद जुना आहे. 'लीलावती' आणि 'विवेकसिंधू' यांच्यात अडतीस वर्षांचं अंतर. एक गणिताचा, दुसरा अद्वैताचा. अद्वैत वेदान्ताची समजावण्याची पद्धत म्हणजे अध्यारोप आणि अपवाद. आधी ब्रह्मावर जगाचा आरोप करून बोलायचं, शिष्याला पायरी पायरीने न्यायचं, आणि शेवटी तो आरोप काढून घ्यायचा. दोरीवर साप आहे असं बोलायला सुरुवात करून सापाला निरोप द्यायचा. भास्कराचार्यांचं मुकुंदराजांनी वाचलं होतं असा माझा दावा नाही. दोन टोकांच्या विद्या एकाच काळात खोटं धरून खऱ्यापर्यंत जाण्याची शिस्त पाळत होत्या, आणि दोघींच्याही लेखी ते शेवटी सोडून देण्याला महत्त्व होतं, इतकंच मला दिसतं.

मग सोडायचं राहून गेलं तर काय होतं?

कायद्याने त्यासाठी कुंपण घातलं आहे. कायद्यालाही खोटं धरावं लागतं. त्याला मराठीत 'मानीव' हा नेटका शब्द केला गेला. शहरातल्या सोसायट्यांना मानीव अभिहस्तांतरण ठाऊक आहे : बिल्डरने जमीन नावावर करून दिली नाही, तरी दिली असं मानायचं. एखाद्या माणसाची, ज्यांना सहजच कळली असती अशा लोकांना सात वर्षं काही खबर नसेल, तर तो जिवंत आहे असं म्हणणाऱ्यानेच ते सिद्ध करायचं, हा नियम १८७२ च्या पुरावा कायद्यात होता आणि नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. पण कायदा हे उघड लिहितो. कोणत्या कामापुरतं मानायचं ते सांगतो. आणि सात वर्षांनी माणूस दारात येऊन उभा राहिला तर मानलेलं मागे घेतो. कायद्याचं मानीव आणि भास्कराचार्यांचं इष्ट ही जवळची नाती आहेत.

आता आपल्या जिल्ह्यातल्या गृहीताकडे येतो. दसरा झाला की गाड्या भरून माणसं ऊसतोडीला जातात. मुकादम हिशेब माणसांत करत नाही, कोयत्यांत करतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. एकटा असेल तर अर्धा कोयता. उचल कोयत्याला मिळते आणि घेतो बहुधा नवरा. या एका शब्दात किती गोष्टी न बोलता धरलेल्या आहेत पाहा. बाई येणारच. ती पहाटे स्वयंपाक उरकून फडात उतरणार, मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत चढवणार. हंगामभर तिला काही दुखणार-खुपणार नाही. दुखलंच तर तो खाडा, आणि खाड्याचा दंड. कराराच्या वेळी 'समजा बाई आजारी पडली तर?' असं कोणी विचारलं असतं तर निदान वाटाघाट झाली असती. विचारलं गेलं नाही, कारण ती गृहीत होती.

आणि मग त्याच बाईला 'समजा' भेटला तो भलत्याच ठिकाणी. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्या गेल्याचं प्रकरण बाहेर आलं. राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिशीच्या आत-बाहेरच्या बायका. त्यांनी सांगितलेल्या हकिकतींत एक वाक्य पुन्हा पुन्हा येत होतं : पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. वैद्यकशास्त्रात 'समजा' असतो, असलाच पाहिजे. समजा ही गाठ असेल, समजा हा साधा जंतुसंसर्ग असेल. मग तपासणी करून एकेक 'समजा' वगळत जायचं. इथे एकच धरला, तोही सगळ्यांत भीतीचा, आणि वगळण्याची पायरी गाळली. खाड्याच्या धाकात असलेल्या बाईलाही पाळीच्या कटकटीतून सुटका हवी होती. तिच्या बाजूने तो हिशेबच होता. तुरी बाजारात होत्या. शस्त्रक्रिया झाली.

याच्यापुढे दुष्काळाचे शब्द फार कोरडे वाटतील, पण तेही पाहिले पाहिजेत. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर सरकारने राज्यातल्या चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. आपल्याकडचे वडवणी, धारूर आणि अंबाजोगाई त्यात होते. मग राहिलेल्या तालुक्यांतून ओरड झाली आणि नोव्हेंबरात आणखी १०२१ महसूल मंडळांत 'दुष्काळसदृश परिस्थिती' जाहीर झाली. दुष्काळसदृश! दुष्काळासारखं, पण दुष्काळ नव्हे. संस्कृत अलंकारशास्त्रात असल्या शब्दाला उपमेचा वाचक म्हणतात. मुखाला चंद्र म्हणायचं नाही, चंद्रासारखं म्हणायचं. विहीर आटलेल्या माणसाला आपल्या गावावर उपमा अलंकार झाला आहे हे कळायला वेळ लागला असणार.

पीकविम्यात 'उंबरठा उत्पन्न' आहे. मागच्या सात वर्षांतली चांगली पाच वर्षं घ्यायची, सरासरी काढायची, तिला जोखीमस्तराने गुणायचं. मंडळाचं यंदाचं उत्पन्न त्याखाली गेलं तर भरपाई. ऐकायला न्याय्य आहे. पण दुष्काळामागून दुष्काळ आले की चांगली म्हणून निवडलेली पाच वर्षंही वाईटच असतात, आणि उंबरठा खाली सरकत जातो. नेहमीचं पीक किती, हे जे धरलं आहे तेच दुष्काळाने खाल्लेलं असतं. विम्याच्या बाबतीत आपला जिल्हा बदनाम आणि प्रसिद्ध दोन्ही झाला. २०२० च्या सुमारास कंपन्या बीडची निविदा भरायला तयार नव्हत्या, तेव्हा 'बीड पॅटर्न' निघाला : भरपाई हप्त्यांच्या ११० टक्क्यांपलीकडे गेली तर वरचा भार राज्याने घ्यायचा, कमी निघाली तर कंपनीने २० टक्के ठेवून उरलेलं राज्याला परत करायचं. हा मात्र चांगला 'समजा' होता हे मी आवर्जून सांगतो. समजा फार नुकसान झालं, समजा मुळीच झालं नाही, दोन्ही बाजू आधीच बोलून ठेवल्या. २०२२ मध्ये तो राज्यभर गेला, २०२३ मध्ये एक रुपयात विमा आला, आणि त्यापाठोपाठ नसलेल्या शेतात नसलेलं पीक उभं करणारेही आले. ते प्रकरण विधानसभेत गाजलं. त्यांच्या सातबाऱ्याला मी काल्पनिक म्हणणार नाही. काल्पनिक हा कथाकादंबऱ्यांचा शब्द आहे, तिथे वाचकाला कल्पना दिलेली असते. याला साधा शब्द आहे, खोटं.

शेवटी पैसेवारी. आजोबा आणेवारी म्हणत. सप्टेंबरअखेर नजर पैसेवारी, मग सुधारित, आणि वर्षाच्या शेवटाला अंतिम. पीक कापणी प्रयोगासाठी शेतात बहुतेक पिकांना दहा मीटर बाय पाच मीटरचा तुकडा आखतात, कापतात, मळतात, तोलतात. आलेलं उत्पन्न एका 'प्रमाण उत्पन्ना'शी ताडतात आणि रुपयात किती पैसे ते सांगतात. पन्नासच्या आत आली तर टंचाईच्या सवलती : जमीन महसुलात सूट, कर्जवसुलीला स्थगिती, पंपाच्या वीजबिलात सवलत, पोरांची परीक्षा फी माफ. एक्कावन्न आली तर नाही. तुकड्यातलं धान्य तोलून काढतात, ते डोळ्यांनी दिसतं. भागाकारात खाली जे बसलं आहे ते प्रमाण उत्पन्न कोणी पाहिलेलं नसतं. आणि खालचा आकडा मोठा धरला की पैसेवारी उतरते, लहान धरला की चढते. शेतातलं पीक तेच.

दरवर्षी डिसेंबरात बातमी येते : अमुक तालुक्याची पैसेवारी ४७, तमुक तालुक्याची ५३. गावंच्या गावं या दोन आकड्यांवरून भांडतात. भांडण वरच्या आकड्याचं चालतं, कापणी कोणत्या शेतात झाली, तलाठी आला होता की नाही. सभागृहात पत्रकार मित्र बसले आहेत म्हणून त्यांना माझी एक विनंती आहे. यंदा पैसेवारी छापाल तेव्हा शेजारी एक रकाना वाढवा : सोयाबीनला, कापसाला, तुरीला, बाजरीला हेक्टरी प्रमाण उत्पन्न किती क्विंटल धरलं, कोणत्या वर्षांवरून काढलं, आणि ते शेवटचं कधी बदललं. तहसिलीत विचारलं तर मिळायला हवं. नाही दिलं तर माहितीच्या अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज आहे. गावाच्या पैसेवारी समितीत सरपंच असतात, शेतकरी असतात; सही करण्याआधी हा रकाना त्यांनीही मागावा.